मागेल तेवढंच

इन्व्हरकार्गिलला जुलै म्हणजे ऐन थंडी.
वारा थेट अंटार्क्टिकावरून निघतो,
वाटेत कुणाकडे थांबत नाही.
शेडचं पत्र्याचं दार धडधडतंय
आणि मी उलट्या क्रेटवर बसून
माझ्याच गाडीकडे पाहुण्यासारखा बघतोय.

सत्तावीस वर्षं कारखान्यात मेंढ्या सोलल्या.
आता उजव्या हाताची तीन बोटं नावालाच,
कप धरतात, दहा नंबरचा पाना धरत नाहीत.
म्हणून आरिहिया आत शिरली आहे
सीटच्या मागे, डोकं खाली, बूट दाराबाहेर,
आणि माझ्याकडे काम एकच, टॉर्च धरायचा.
तोही मला धड धरता येत नाही, असं तिचं मत.

टर्बो मीच बसवला होता, ती जन्मली त्या वर्षी.
हवा दीडपट झाली, पेट्रोल होतं तेवढंच राहिलं.
पैसे संपले होते आणि घरात पाळणा आला होता.
तेव्हापासून तिसऱ्या गियरमध्ये जोर लावला
की इंजिनातून टकटक यायची,
उपाशी माणूस रिकामं ताट वाजवतो तशी.
मी पाय काढून घ्यायचो.
सतरा वर्षं काढून घेतला.

"रिले काढलास?"
"काढला."
"इंजिन मरेपर्यंत चालवलंस?"
"चालवलं."
"बॅटरीची निगेटिव्ह वायर—"
"पापा."
एका शब्दात दार लोटून घेता येतं,
हे मी तिच्या आईकडूनच शिकलो होतो.

झाकणाचे स्क्रू. त्यातला सातवा गंजलेला.
मी असतो तर जोर केला असता, डोकं मोडलं असतं,
मग शिव्या, मग ड्रिल.
तिने तेलाचे चार थेंब सोडले
आणि आत जाऊन चीज रोल खाऊन आली.
स्क्रू निमूट सुटला.

जुना पंप टाकीतून वर आला,
जाळीवर माझ्या तरुणपणाचा तपकिरी गाळ.
नव्याच्या खोक्यावर लिहिलेलं: ताशी दोनशे पंचावन्न लिटर.
"एवढं पितंय कोण?"
"कुणीच नाही. पण मागितलं तर असायला नको?"

मग ते दुसरं. तळहातात मावेल अशी ॲल्युमिनियमची डबी,
नाव मात्र सरकारी खात्यासारखं, इंधन व्यवस्थापन युनिट.
साहेब रजेवर, उद्या या, असं म्हणेल की काय वाटलं.
"हे परतीच्या नळीवर बसतं," ती म्हणाली,
"ही बारीक नळी म्हणजे त्याचा कान.
हवा शांत असली की पेट्रोल मोकळं टाकीत परत जातं.
हवेचा दाब वाढला की हे वाट आवळतं,
मग पुढे पेट्रोलचा जोर वाढतो.
मागेल तेवढंच. मागितलं नाही तर गप्प."
गप्पशी येऊन तिने वर पाहिलं.
मी टॉर्च डाव्या हातात घेतला.

जोडून झालं. पंप नुसताच चालू केला,
गळतं का बघायला.
दुसऱ्या क्लॅम्पखाली काहीतरी चमकलं.
मला दिसलं. तोंड उघडलं.
पेट्रोल आहे, चेष्टा नव्हे. तरी ठरवलं,
तीनपर्यंत मोजायचं.
एक.
दोनला तिचा हात स्विचवर होता,
नाक आक्रसलेलं, पाना शोधत.

अंधार पडल्यावर ब्लफच्या रस्त्याला लागलो.
दोन्हीकडे सपाट काळोख, दूर ॲल्युमिनियमच्या कारखान्याचे दिवे.
तिसरा गियर. टर्बोची शीळ.
डॅशबोर्डला टेपने चिकटवलेल्या गेजचा काटा
हवेच्या मागोमाग चढत गेला,
आणि मी कान देऊन बसलो
त्या ताटाच्या आवाजासाठी.

आला नाही.

माझा उजवा पाय मात्र,
खाली काही नसताना, चटईवरून
आपसूक वर उचलला गेला.
आरिहियाने तो पाहिला,
काही म्हणाली नाही,
आणि आणखी थोडं दाबलं.